डोळा आत जाईपर्यंत

१९ जुलै २०२०, रविवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिन गावी 'मेमोरियल' या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. करोनामुळे मैदानाच्या कडेला प्रेक्षक नव्हते. शेवटचे खेळाडू अजून खेळत होते, आणि ते पुढे सरकले की त्यांच्या मागे यंत्रं येऊन भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, म्हणजे ग्रीन, उखडायला लागत होती. स्पेनचा जॉन राम जिंकला तोवर ज्या मैदानावर तो जिंकला ते मोडायला सुरुवातही झाली होती.

हुकूम खुद्द मैदान उभारणाऱ्याचा होता. जॅक निकलस तेव्हा ८० वर्षांचा होता. गोल्फमध्ये चार स्पर्धा सर्वांत मोठ्या मानतात. त्यांना 'मेजर' म्हणतात. निकलसच्या नावावर अशी १८ विजेतेपदं आहेत, आणि तेवढी आजवर दुसऱ्या कोणाही पुरुष खेळाडूला मिळालेली नाहीत. डब्लिनचं 'मुइरफील्ड व्हिलेज' हे मैदान त्यानं १९७४ मध्ये खुलं केलं, १९७६ पासून तिथे दरवर्षी स्पर्धा भरवली, स्वतः ती दोनदा जिंकली. मैदानाचं नाव जगभर झालं. तरी ८०व्या वर्षी ते पुन्हा खणायला घ्यावं, असं त्याला वाटलं.

म्हातारपणीची हौस म्हणून हे सोडून देता येईल. पण निकलसचं सगळं आयुष्य पाहिलं की ही त्याची जुनी सवय आहे हे लक्षात येतं. माणूस एखाद्या कामात तरबेज कसा होतो आणि झाल्यावर तसाच कसा राहतो, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ गेली पन्नासेक वर्षं वाद घालताहेत. त्या वादातली बरीचशी उत्तरं या सवयीपाशी येऊन मिळतात.

मक्याची कणसं आणि गोल्फ

डब्लिन हे सुमारे ४९ हजार वस्तीचं, सायोटो नदीकाठचं सुखवस्तू उपनगर. 'वेंडीज' या बर्गरवाल्या कंपनीचं आणि औषधांचा घाऊक व्यापार करणाऱ्या 'कार्डिनल हेल्थ'चं मुख्यालय इथे आहे. जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची सांभाळणारी 'ओसीएलसी' ही संस्थाही इथलीच. एका जुन्या शेतात माणसापेक्षा उंच अशी सिमेंटची १०९ मक्याची कणसं रांगेत उभी केलेली आहेत. इथे पूर्वी काय पिकत होतं, याची आठवण म्हणून केलेलं हे शिल्प आहे. आयटी, औषध आणि विमा कंपन्यांच्या नोकऱ्यांमुळे कोलंबसच्या या बाजूला भारतीय कुटुंबं स्थिरावली, त्यांत मराठीही आहेत.

भारतीय माणसाला गोल्फ तसा परका. पण २०१७ च्या मेमोरियलमध्ये पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीनं शेवटच्या दिवशी ६५ फटक्यांत फेरी संपवली आणि रिकी फाउलरच्या जोडीनं दुसरं स्थान मिळवलं. त्याला खेळ पहिल्यांदा शिकवला तो सैन्यात डॉक्टर असलेल्या त्याच्या वडिलांनी. निकलसच्या गोष्टीतही वडील आहेत, पण ते शिक्षक नाहीत, आणि तो फरक महत्त्वाचा आहे.

चार्ली निकलस कोलंबसचे औषधविक्रेते. घोट्याच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून त्यांनी पुन्हा गोल्फ सुरू केला. मित्रांच्या चालीनं चालणं जमेना, तेव्हा सोबतीला दहा वर्षांच्या मुलाला घेतलं. हे साल १९५०. त्याच वर्षी कोलंबसच्या सायोटो कंट्री क्लबमध्ये जॅक ग्राउट नावाचे नवे प्रशिक्षक आले होते आणि त्यांनी मुलांचा वर्ग सुरू केला होता. वडिलांनी मुलाला तिथे घातलं. पहिल्यांदा नऊ भोकं खेळला तेव्हा मुलाला ५१ फटके लागले.

ग्राउट यांची पद्धत त्या काळाला धरून नव्हती. चेंडू सरळ जातोय की वाकडा याची चिंता करू नकोस, आधी जिवाच्या आकांतानं लांब मार, नेम नंतर शिकवता येतो, असं ते सांगत. एका बाबतीत मात्र ते कठोर होते. काठी फिरवताना डोकं हलता कामा नये. त्यासाठी त्यांचा सहायक मुलासमोर उभा राहून त्याचे केस मुठीत धरायचा. डोकं हललं की केस ओढले जायचे. सुरुवातीला डोळ्यांतून पाणी यायचं, हे निकलसनंच पुढे सांगितलं आहे. आज कुठल्याही शिक्षकाला असं करता येणार नाही, करूही नये. पण त्यामागची युक्ती पाहण्यासारखी आहे. डोकं हललं हे मुलाला कोणी सांगायची गरज उरली नाही. ते त्याला त्याच क्षणी, स्वतःच्या अंगात कळत होतं.

सात आकडे, एकोणऐंशी आकडे

अँडर्स एरिक्सन हे मूळचे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस यांच्याबरोबर त्यांनी एक साधा प्रयोग केला. एका विद्यार्थ्याला सेकंदाला एक या वेगानं आकडे वाचून दाखवायचे आणि त्यानं ते त्याच क्रमानं परत म्हणायचे. सामान्य माणसाला असे सातेक आकडे लक्षात राहतात, त्यालाही तेवढेच राहत. सुमारे दीड-पावणेदोन वर्षांत, एकंदर २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ आकडे म्हणू लागला. १९८० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

स्मरणशक्ती वाढली म्हणावं, तर आकड्यांऐवजी अक्षरं दिल्यावर तोच विद्यार्थी पुन्हा सहा-सातावर आला. मग वाढलं काय? तो धावपटू होता. कानावर पडणाऱ्या आकड्यांचे गट करून तो त्यांना शर्यतींच्या वेळा समजत असे. ३-४-९-२ हे त्याच्यासाठी चार आकडे नव्हते, मैलाच्या शर्यतीची एक वेळ होती. शिवाय रोज कुठे अडतंय हे त्याला कळत होतं आणि त्या अडलेल्या जागेसाठी तो नवी युक्ती शोधत होता.

बुद्धिबळात हेच आधी दिसलं होतं. चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर वरच्या दर्जाचा खेळाडू ती बरीचशी पुन्हा मांडतो. तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली, की त्याची आघाडी जवळपास नाहीशी होते. त्याच्याकडे जास्त स्मरणशक्ती नसते, जास्त ओळखीची चित्रं असतात.

१९९३ मध्ये एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटातल्या विद्यार्थ्यांचा एकट्यानं केलेला रियाज वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांवर गेला होता. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या 'आउटलायर्स' या पुस्तकानं या सरासरीचा नियम करून टाकला आणि 'दहा हजार तास' हा मंत्र आपल्याकडच्या शिबिरांतल्या वक्त्यांपर्यंत पोचला. एरिक्सन यांना हे मान्य नव्हतं. त्यांचा भर तासांवर नव्हता. चुकांचा शोध घेणाऱ्या, आवाक्याच्या जरा पलीकडच्या, जाणत्या शिक्षकानं आखून दिलेल्या सरावावर होता. अशा सरावात मजा कमी आणि दमणूक जास्त असते, हेही त्यांनी लिहून ठेवलंय.

तासांचा हिशेब कुठे चुकतो

२०१० मध्ये पोर्टलंडच्या डॅन मॅक्लाफ्लिन या छायाचित्रकारानं नोकरी सोडली आणि गोल्फचा दहा हजार तास सराव करून व्यावसायिक खेळाडू व्हायचं ठरवलं. त्याआधी तो गोल्फ जवळजवळ खेळलाच नव्हता. त्यानं सुरुवात भोकाजवळच्या छोट्या फटक्यांपासून केली आणि पद्धतशीर पुढे गेला. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूचा दर्जा दाखवणारा आकडा (जितका कमी तितका चांगला), त्यानं २.६ पर्यंत खाली आणला. हौशी खेळाडूंमध्ये ही फार वरची पायरी. पण सुमारे सहा हजार तासांनंतर पाठीनं साथ सोडली आणि प्रयोग थांबला.

एकट्या माणसावरून निष्कर्ष काढू नये. ब्रूक मॅकनमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक संशोधनांचं एकत्रित गणित मांडलं. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी किती भाग सरावातल्या फरकानं समजावता येतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरी-व्यवसायांत १ टक्क्याहूनही कमी. २०१६ च्या पुढच्या अभ्यासात त्यांना आढळलं, की फक्त अव्वल क्रीडापटू घेतले तर हा भाग १ टक्क्यावर येतो. त्या उंचीवर सगळ्यांनीच भरपूर घाम गाळलेला असतो, म्हणून घामानं त्यांच्यात फरक करता येत नाही. अर्जेंटिनाच्या बुद्धिबळपटूंच्या पाहणीत 'मास्टर' दर्जा गाठायला एकाला सुमारे तीन हजार तास लागले होते, दुसऱ्याला तेवीस हजार.

लवकर सुरुवात करण्याचा आग्रहही टिकत नाही. अर्ने ग्युलिश आणि इतरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जागतिक दर्जाच्या प्रौढ खेळाडूंनी आपला मुख्य खेळ राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंपेक्षा उशिरा धरला होता. लहानपणी ते जास्त खेळ खेळले होते आणि सुरुवातीची त्यांची प्रगती सावकाश होती. टायगर वूड्स दोन वर्षांचा असताना टीव्हीवर चेंडू मारून दाखवत होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. निकलस शाळेत बास्केटबॉल, बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल खेळत होता, हे फारसं कोणी सांगत नाही.

आतलं चित्र

तासही नाहीत आणि लवकर सुरुवातही नाही, तर मग तरबेज माणसात वेगळं काय असतं? निकलसनं आपल्या पुस्तकात एक गोष्ट स्पष्ट केली आहे. सरावातसुद्धा तो डोक्यात चित्र पाहिल्याशिवाय एकही फटका मारत नसे. चेंडू कुठे थांबला ते आधी दिसायचं, मग तो हवेतून तिथे कसा गेला ते, आणि शेवटी तो तसा जाण्यासाठी स्वतःचं शरीर कसं फिरलं ते. चित्रपट उलटा चालवावा तसं हे. चित्र आधीच पक्कं असेल, तर चेंडू जरा वेगळा गेला तरी फरक नेमका कुठे पडला हे लगेच उमगतं. चूक दिसण्यासाठी बरोबर काय ते आधी दिसावं लागतं.

आपल्या संगीतात याला तोड म्हणून किशोरी आमोणकर आठवतात. आई मोगूबाई कुर्डीकरांकडे त्यांची तालीम कडक झाली. ऐन पंचविशीत त्यांचा आवाज गेला. गाता येत नाही अशा त्या काळात त्या मनातल्या मनात गात राहिल्या, रागांचा विचार करत राहिल्या. आवाज परत आला तेव्हा गाणं बदललेलं होतं. गळा बंद असताना सराव चालू राहू शकला, कारण ऐकणारा कान तोवर आत तयार झाला होता.

शिक्षकाचं खरं काम हेच असावं, असं मला या सगळ्या संशोधनातून दिसतं. सुरुवातीला चूक पाहणारा डोळा शिक्षकाचा असतो. तो डोळा हळूहळू शिष्याच्या आत जायला हवा. ग्राउट हे ओळखून होते. निकलस मोठ्या स्पर्धा खेळायला लागला, तेव्हा सरावाच्या जागेवर ते त्याच्याजवळ फिरकत नसत. आले तरी लांब उभे राहत. स्पर्धेच्या मधोमध काही बिघडलं तर तुझं तुला दुरुस्त करता आलं पाहिजे, ही त्यांची शिकवण होती. बॉबी जोन्स या आधीच्या पिढीतल्या महान खेळाडूनंही निकलसला असंच सांगितलं होतं. काही बिघडलं की शिक्षकाकडे धाव घेणं थांबलं, तेव्हाच जोन्स स्वतः चांगला खेळाडू झाला होता.

झाडामागचे सर

पण हा आतला डोळा सतत उघडा राहिला तर घात करतो. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फ खेळणाऱ्यांवरच प्रयोग केला. जाणत्या आणि नवख्या खेळाडूंना भोकाजवळचे फटके मारायला लावले आणि नंतर विचारलं, आत्ता मारलेल्या फटक्यात तुम्ही काय काय केलं? फटका एरवी कसा मारावा यावर जाणते भरभरून बोलले. आत्ताच्या फटक्याबद्दल त्यांना नवख्यांपेक्षा कमी आठवत होतं. मग त्यांच्या हाती मुद्दाम वेडीवाकडी, वजन लावलेली काठी दिली, तेव्हा आठवणी परत आल्या. कौशल्य अंगात मुरलं की ते शब्दांच्या हाताशी राहत नाही. पुढच्या प्रयोगांत, काठीच्या हालचालीकडे बारीक लक्ष द्या असं सांगितल्यावर नवखे सुधारले आणि जाणते बिघडले.

दबावाखाली कसलेला माणूस कोसळतो तो बहुधा याच वाटेनं. ऐन वेळी तो स्वतःवर पहारा ठेवायला लागतो.

शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांना हे प्रयोगाविना माहीत होतं. अजित तेंडुलकर धाकट्या भावाला घेऊन पहिल्यांदा नेटवर आला, तेव्हा सरांसमोर सचिनची बॅट चालेना. अजितनं विनवलं, सर, तुम्ही गेलात असं दाखवा आणि लांबून पाहा. सर झाडाआड गेले. आपल्याला कोणी पाहत नाही असं वाटताच मुलगा मोकळा खेळला, आणि निवडला गेला. पुढे यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवून बाद न होता खेळायला लावणं, स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यांसाठी नेणं, 'छान खेळलास' असं कधी न म्हणणं, या सगळ्या कथा महाराष्ट्राला पाठ आहेत. त्यातलं सामन्यांचं प्रमाण फार कमी जण लक्षात घेतात. नेटमध्ये डोळा उघडा ठेवायचा असतो, सामन्यात तो मिटून खेळायचं असतं. दोन्हींची सवय वेगवेगळी लावावी लागते.

दरवर्षी पहिलीपासून

आता पुन्हा निकलसच्या सवयीकडे. दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी तो ग्राउट यांच्याकडे जायचा आणि गोल्फ शिकवा म्हणायचा. मागच्या वर्षी काय बिघडलं त्याची यादी घेऊन तो जात नसे. काठी धरायची कशी, उभं राहायचं कसं, खांदे कुठे रोखायचे, सगळं पहिल्यापासून. जगात पहिल्या क्रमांकावर असतानाही यात खंड पडला नाही.

याची गरज का पडावी? कारण आतला डोळा खोटं बोलायला शिकतो. रोज थोडी थोडी सरकत जाणारी चूक सवयीची होते आणि सवयीचं ते बरोबर वाटायला लागतं. १९७९ मध्ये व्यावसायिक झाल्यापासून पहिल्यांदाच निकलसला वर्षभरात एकही स्पर्धा जिंकता आली नाही. एकोणचाळिशीत निवृत्तीच्या गोष्टी करणं सोपं होतं. तो ग्राउट यांच्याकडे जाऊन काठी फिरवण्याची धाटणीच बदलून आला, आणि भोकाजवळचा खेळ सुधारण्यासाठी फिल रॉजर्स या आपल्याच पिढीतल्या खेळाडूपुढे शिष्य म्हणून उभा राहिला. १९८० मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्यानं दोन मेजर जिंकल्या: यूएस ओपन २७२ फटक्यांच्या तेव्हाच्या विक्रमासह आणि पीजीए स्पर्धा सात फटक्यांच्या फरकानं. डब्लिनचं मैदान तो पुन्हा पुन्हा उकरत आला, तेही याच वृत्तीतून.

गोल्फमध्ये निदान चेंडू खरं बोलतो. मारला आणि झाडीत गेला, की वाद संपला. आपल्यापैकी बहुतेकांच्या कामात असं उत्तर मिळतच नाही, किंवा इतक्या उशिरा मिळतं की कारण विसरून गेलेलं असतं. डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांचे एरवी एकमेकांशी मतभेद. पण २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं, की अनुभवातून आलेल्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवावा तो दोनच अटींवर: त्या क्षेत्राला काही नियमितपणा असावा, आणि माणसाला आपल्या अंदाजाचं फळ लवकर व स्पष्ट दिसत असावं. नाहीतर वीस वर्षांचा अनुभव म्हणजे तीच चूक वीस वर्षं.

हे बोचरं आहे, पण आकडे तसे आहेत. २००५ मध्ये डॉक्टरांच्या अनुभवाचा आणि उपचारांच्या दर्जाचा संबंध तपासणाऱ्या ६२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत, वर्षं वाढली तशी तपासलेल्या सगळ्या निकषांवर कामगिरी घसरलेली होती. डॉक्टर आळशी होते असा याचा अर्थ नाही. रोग्याचं पुढे काय झालं हे त्यांच्यापर्यंत परत येत नव्हतं, आणि शिकलेलं पुन्हा पहिल्यापासून तपासायची सोय त्यांच्या धंद्यात नव्हती. एरिक्सन यांनी यावर सुचवलेला उपाय व्यवहारी होता. ज्यांचा निकाल आधीच पक्का माहीत आहे अशा जुन्या क्ष-किरण प्रतिमांचा साठा करा, डॉक्टरांना त्यांवर निदान करू द्या आणि बरोबर की चूक ते लगेच सांगा. चेंडू झाडीत गेला की नाही, ते कळू द्या.

आपले शिक्षक, अभियंते, संपादक, न्यायाधीश यांच्यासाठी अशी सोय कोण करणार? बढतीबरोबर माणसाला चुका दाखवणारे कमी होतात. वरिष्ठ झालेल्याला केबिन मिळते, ग्राउट मिळत नाहीत. तसा शिक्षक आपणच शोधावा लागतो, आणि तो मिळाल्यावर पेन्सिल कशी धरायची इथपासून सुरुवात करायचा निगरगट्टपणा लागतो. एवढी वर्षं काढलेल्या माणसाला हे जड जातं, म्हणून बहुतेक जण तरबेजपणाच्या अलीकडच्या पायरीवर आयुष्यभर सुखानं राहतात.

आणि मुलांचं? डब्लिनमध्ये काय नि डोंबिवलीत काय, शनिवार-रविवारी मराठी आईबाप मुलांना तबल्याच्या, पोहण्याच्या, बुद्धिबळाच्या वर्गाला पोचवत असतात. पुण्यातले गुरुजी ओहायोतल्या मुलाला पडद्यावरून तबल्याचा कायदा शिकवतात. फी किती आणि आठवड्याला तास किती, हे सगळेच विचारतात. त्याऐवजी परतताना गाडीत मुलाला एक विचारून पाहावं: आज काय चुकलं, आणि ते तुला कधी कळलं, सरांनी सांगितल्यावर की त्याच्या आधीच? काही महिन्यांनी उत्तर 'आधीच' असं यायला लागलं, तर वर्ग बदलायची घाई करू नये आणि तासही मोजत बसू नये. वर्षभरानंतरही 'सरांनी सांगितल्यावर' हेच उत्तर येत असेल, तर सर कितीही नावाजलेले असोत, शिकवणी अजून सुरू झालेली नाही.